बे पोढ्या आणि एक भोजनमंडप

माझा मावसभाऊ दौंडला राहतो. भीमेच्या पुलावरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायची लहानपणची सवय त्याची अजून गेलेली नाही. "ताई, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री असे चार गणपती एका फेरीत होतात. गाडी माझी. तू फक्त ये," असं त्याचं दोन वर्षांपासून चाललं होतं. मी कबूल झाले, पण एक अट घातली. वाटेत मी म्हणेन तिथं थांबायचं.

"म्हणजे कुठं?"

"इनामगावला. शिरूरच्या एका थडग्यापाशी. आणि जुन्नरला यवनांनी जिथं दानं दिली तिथं."

"यवन म्हणजे?"

"ग्रीक."

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि गाडी सुरू केली.

ग्रीक देवदेवतांचं वाचन हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद. घरबसल्या वाचताना एक खोड लागते. इथलं काहीही दिसलं की त्याचा तिथला जोडीदार मन शोधायला लागतं. सटवाई दिसली की दैवाचं सूत कातणाऱ्या तिघीजणी आठवतात, म्हसोबा दिसला की चौकातला हर्मीसचा दगड. ही खोड किती खरी आणि किती खोटी, ते एकदा पायाखालच्या मातीत तपासून पाहावं, एवढाच माझा हेतू होता. आणि घोडनदीचा काठ त्यासाठी उत्तम निघाला.

सिद्धटेकचं दर्शन उरकून आम्ही शिरूर तालुक्यात शिरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. मधूनच कांद्याची चाळ, शेततळ्याचा निळा कागद, आणि नदीकडं तोंड करून बसलेले पंप. इनामगावात पाहण्यासारखं आज काहीच नाही, हे आधीच सांगते. उत्खननाचे खड्डे कधीच बुजले. नदीच्या उजव्या काठाला थोडी उंचवट्याची, करड्या रंगाची जमीन आहे, बस. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला अशी जमीन ओळखायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. राख, शेण, पडलेल्या भिंती, माणसांचं शेकडो वर्षांचं राहणं मुरून माती पांढुरकी होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना अशा टेकाडांचा माग काढताना हा शब्द पुष्कळ उपयोगी पडला असणार.

१९६८ ते १९८३ या काळात, एका पाठोपाठ एक बारा हंगाम, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी इथं खोदलं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची शेतकरी वस्ती हाती लागली. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी, धान्याचं कोठार, पाण्याचा पाट, आणि एक पाच खोल्यांचं घर, बहुधा गावच्या मुख्याचं. लोक मुख्यतः जव पिकवायचे. इसवीसनपूर्व १००० नंतर पाऊस हटला असावा, कारण चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि हरणाच्या शिकारीवर भर वाढला. कोरडवाहू शिरूरच्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आज उसाखाली दिसणारं हे रान धरणं आणि कालवे येण्याआधी कसं होतं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

काळाचा मेळ घातला, तर इनामगाव भरात होतं तेव्हा ग्रीसमध्ये मायसीनीचे राजवाडे उभे होते. तेही पडले, आणि तिथंही काही शतकं हलाखीत गेली. इकडचा तिकडं संबंध काहीच नाही.

आता दफनं. मेलेल्या लहान मुलाला दोन रांजणांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून आडवे, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडून मग त्याला पुरायचे, परत चालत येऊ नये म्हणून असावं, असा अंदाज आहे. एकच माणूस वेगळा. पाच खोल्यांच्या घराच्या आवारात, चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात तो बसलेला सापडला, पाय शाबूत. मी हे सांगत होते तेव्हा भाऊ बांधावर उभा होता. त्यानं पायाखाली पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला.

एजियन समुद्रातल्या आस्टिपालेया बेटावर अगदी असंच चित्र आहे. किलिंद्रा नावाच्या जागी अडीच हजारांहून जास्त तान्ह्या मुलांची मडक्यातली दफनं सापडली आहेत, जगातलं लहान मुलांचं असं सर्वांत मोठं स्मशान. ग्रीकांनी अँफोरा फोडून आत बाळ ठेवलं, आपल्या लोकांनी रांजण वापरला. घोडनदीवरून कुणी आस्टिपालेयाला गेलं नव्हतं, तिकडूनही कुणी आलं नव्हतं. काळही एक नाही. इनामगाव ओस पडल्यावर तिकडची दफनं रंगात आली. पोटातून आलेलं मूल पुन्हा पोटासारख्या भांड्यात ठेवावं, हे सुचायला जहाज लागत नाही. आईचा हात लागतो.

पण याच इनामगावची एक वस्तू अशी आहे की तिच्यापायी ग्रीस खरोखरच वादात ओढला गेला. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी मिळाली. आत एक स्त्रीमूर्ती, वीतभरही नाही, आणि तिला डोकं नाही. तुटलेलं नव्हे, मुळातच केलेलं नाही. पेटीवर आणखी एक मूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला आणि बाईच्या पोटाला छिद्रं, काडी घातली की ती बैलावर बसते.

याची गंमत कळायला थोडं मागं जावं लागतं. आपल्याकडं तेर, नेवासे आणि दख्खनमधल्या कितीतरी गावांत लज्जागौरी मिळते. उताणी, पाय फाकलेली, डोक्याच्या जागी बहुधा कमळ. १९६० साली सांकलियांनी तिच्यावर एक मोठा लेख लिहिला. त्यात त्यांनी तिचं नातं ग्रीक-रोमन जगातल्या बाउबोशी जोडलं. मुलगी हरवल्यानं अन्नपाणी सोडून बसलेल्या दिमितर देवीला हसवायला या बाउबोनं आपलं लुगडं वर केलं, अशी एलेउसिसची कथा. मुलगी पाताळात गेली आहे, आई रुसली आहे, पिकं करपली आहेत, आणि सगळ्या जगाची सुटका होते ती एका म्हातारीच्या चावटपणामुळं. आपल्या जात्यावरच्या आणि लग्नघरातल्या बायकांना ही गोष्ट अजिबात परकी वाटणार नाही. १८९८ मध्ये प्रिएने इथल्या दिमितरच्या देवळात जर्मनांना मातीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या. त्यांना धड नाही. पायांवर थेट पोट, आणि पोटावर चेहरा. त्यांनाही पुढं बाउबो म्हणू लागले. ग्रीक अमलाखालच्या इजिप्तमध्ये पाय फाकून बसलेल्या मातीच्या बायका मिळतात, त्यांनाही तेच नाव. सांकलियांचं म्हणणं असं की रोमन व्यापाराबरोबर पहिल्या शतकाच्या सुमारास ही कल्पना आपल्याकडं आली.

आणि मग त्याच सांकलियांच्या देखरेखीखाली, रोमन जहाजांच्या हजारभर वर्षं आधीची बिनडोक्याची देवी इनामगावच्या पांढरीतून वर आली. ती लज्जागौरी नव्हे, तिची बसणीही तशी नाही. पण डोकं नसलेली बाई पुजावी ही कल्पना या काठाला फार जुनी आहे, एवढं तिनं नक्की केलं. १९७८ मध्ये रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' आलं. त्यांनी ही देवी बाहेरून आणली नाही, इथल्याच मातृदेवतांच्या कुळात तिची मुळं शोधली. मला विचाराल तर बाउबोची कथा थोर आहे, पण तिला इथं आणून बसवायची गरज नव्हती. आणि सांकलियांबद्दल माझा आदर कमी झाला नाही, वाढलाच. स्वतःच्या सिद्धान्ताला धक्का देणारी पेटी स्वतःच्याच खड्ड्यातून काढायची, तिचं चोख वर्णन छापायचं, हे सगळ्यांना जमत नाही.

शिरूरला पोचेपर्यंत ऊन कलतं झालं. या गावाला जुने लोक अजून घोडनदी म्हणतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात इथं इंग्रजांची मोठी छावणी होती, पुण्यावर नजर ठेवायला सोयीची. तिचा सेनापती कर्नल वॉलेस १८०९ मध्ये इथं वारला आणि इथंच पुरला गेला. एवढं तर कुठल्याही छावणीच्या गावात असतं. पण १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये शिरूरच्या पानावर एक नोंद आहे, ती वाचून मी दोनदा चष्मा पुसला होता. ब्राह्मण आणि मारवाडी सोडून गावातले सगळे हिंदू या थडग्याला भजतात, त्याला 'सत्पुरुष' म्हणतात, आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवतात, असं ती सांगते. असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेला साहेब, आणि त्याला बाजरीच्या पहिल्या कणसाचा मान!

थुसिडिडीज या ग्रीक इतिहासकारानं सांगितलेली एक घटना अशीच आहे. इसवीसनपूर्व ४२२ मध्ये स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास अँफिपोलिसच्या वेशीबाहेरच्या लढाईत पडला. माणूस परका, शहर दुसऱ्यांचं. पण अँफिपोलिसच्या लोकांनी त्याला गावात पुरलं, थडग्याभोवती कुंपण घातलं, दरवर्षी बळी आणि खेळ ठरवून दिले, आणि शहराचा खरा संस्थापक तोच, असं जाहीर केलं. ग्रीक भाषेत अशा मेलेल्या, पुजल्या जाणाऱ्या माणसाला 'हीरोस' म्हणत. तो देव नव्हे आणि साधा पितरही नव्हे. त्याचं सामर्थ्य त्याच्या हाडांपाशी असतं, म्हणून हाडं आपल्या गावात असावी लागतात. त्याला भजलं नाही तर तो त्रासही देतो. विद्वानांनी याच्यावर ग्रंथ लिहिले. शिरूरच्या माणसाला एका वाक्यात कळतं: जागा कडक आहे, नारळ ठेवून जा.

इथंही जहाज नाही. वॉलेसच्या थडग्याला बाजरी वाहणाऱ्यानं ब्रासिडासचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्याला आपल्या वेशीवरचा वीरगळ ठाऊक होता. खाली गुरं सोडवताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढं हात जोडलेला तोच. या चौकटीत साहेबाला बसवायला फारशी ओढाताण करावी लागली नसणार.

कबरस्तानात आम्ही थोडा वेळच होतो. गवत वाळलेलं, जुन्या दगडांवरची अक्षरं निम्मी पुसलेली. भावानं चपला बाहेर काढल्या होत्या, ते मी नंतर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कुकडी धरून वर निघालो. रांजणगाव उलट्या दिशेला, पण आमच्या सारथ्याचा तो नेम होता, म्हणून पहाटेच तिकडं जाऊन आलो. टाकळी हाजीच्या पुढं नदी एकदम जमिनीत घुसते. समोरच्या काठाला निघोज आणि मळगंगेचं देऊळ, मध्ये काळ्या कातळाची घळ, आणि तिच्यात पाण्यानं कोरलेले शेकडो रांजणखळगे. भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगर फिरत राहतो, बेसॉल्टला भोक पाडतो, भोकाचा रांजण होतो, दोन रांजणांमधली भिंत फुटते. हजारो वर्षांचं काम. इनामगावच्या लोकांनी रांजण घडवायला हा आकार इथूनच उचलला, असं लिहायचा मोह झाला होता. पण कालपासून मी जरा सावध झाले होते.

तिथून आळकुटी, बेल्हे करत नारायणगावच्या बाजूला उतरलो की हवाच बदलते. द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचे क्रेट भरलेले ट्रक, क्षितिजावर सह्याद्रीची भिंत. ओझरला नदीकाठी दर्शन झालं. जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांना भोकं दिसायला लागली. दोनशेच्या आसपास लेणी एकाच गावाभोवती, असं देशात दुसरीकडं नाही. कारण सरळ आहे. कोकणातून नाणेघाट चढून आलेला माल पैठणकडं जायचा तो इथूनच. पैसा होता, पावसाळ्यात अडकलेले भिक्खू होते, आणि पुण्य जोडायची आवड असलेले व्यापारी होते. लेखांत धान्यवाल्यांची, कांस्यकारांची, बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी येते. कुणी शेत देतं, कुणी झाडं लावायला ठेव ठेवतं.

आणि यवन येतात. तिघेजण.

शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत एक लेख आहे: चित नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. मूळ प्राकृतात शब्द आहे 'भोजनमटपो'. लग्नाच्या पत्रिकेत आपण आजही छापतो तोच. गडावर जाणारी माणसं शिवजन्माच्या जागेकडं लगबगीनं वर जातात, आणि जावंच. पण त्याच डोंगराच्या कडेला एका ग्रीकानं लोकांच्या जेवणाची सोय केली होती, हे कुणी बोलत नाही. दुसरा, मानमोडीवरचा चंद. भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर अर्धकमळ कोरलं आहे. मध्ये लक्ष्मी, पाकळ्यांत हत्ती. तिथंच तो सांगतो, गर्भद्वार हे माझं दान. कमान देखणी, आतलं काम मात्र अर्धवट राहिलेलं. दार द्यायचं कबूल केलं, दिलं. पुढचं इतरांचं इतर जाणोत. मी वर पाहत उभी असताना भाऊ खालून हातवारे करत होता. कातळाला आग्या मोहोळं लटकलेली, आणि मी मोठ्यानं बोलत होते.

तिसरा इरिल. त्याचा लेख मी भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली छापलेल्या संग्रहातून वाचलेला. त्यानं पाण्याची दोन टाकी दिली. 'बे पोढियो.' पोढी म्हणजे टाकं. आणि 'बे'? बे एके बे, बे दुणे चार. आपण पाढ्यात जपून ठेवलेला दोनचा आकडा जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका यवनाच्या नावापुढं कोरला गेलेला. मला अक्रोपोलिसचे फोटो पाहून कधी काटा आला नव्हता. या दोन शब्दांनी आला.

हे लोक खरोखर ग्रीक होते का? नावं पाहा. चित आणि चंद तर आपलेच. इरिल कुठल्याही ग्रीक नावाशी सहज जुळत नाही. चित आणि इरिल स्वतःला 'गतांचे' म्हणवतात, त्याचा अर्थ लावताना कुणी थेट गॉथ लोकांपर्यंत पोचलं. यवन हा शब्द मूळ आयोनियन ग्रीकांचा. इराण्यांच्या तोंडी तो 'यौन' झाला आणि आपल्याकडं यवन. पुढं पश्चिमेचा कुणीही यवन, आणि बखरींपर्यंत येता येता अर्थच पालटला. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ मध्ये बॅक्ट्रिया आणि भारतातल्या ग्रीकांचा इतिहास लिहिला, तो ग्रीक जगाचा एक दूरचा तुकडा म्हणून. १९५७ मध्ये अवधकिशोर नारायण यांनी तोच इतिहास भारताचा म्हणून पुन्हा मांडला. जुन्नरच्या तिघांकडं पाहून मला नारायण यांची बाजू पटते. इथं ना ग्रीक अक्षर, ना ग्रीक देव, ना संगमरवर. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, श्रद्धा बुद्धाची, आणि दान तर आपल्या गावच्या शेटजींनी द्यावं तसं: जेवणाचा मांडव, दार, पाणी.

उलटा प्रकारही याच गावात आहे. मानमोडीवरच अयम नावाच्या अमात्याचा, ४६ व्या वर्षाचा लेख आहे. त्याचा धनी नहपान, शक क्षत्रप. या नहपानाची चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांवर निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलेला. त्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, पण शब्द प्राकृत. जो ग्रीक नव्हता तो ग्रीक अक्षरं मिरवत होता, आणि जे स्वतःला यवन म्हणवत होते ते ब्राह्मीत 'बे पोढियो' लिहीत होते. घोडकाठी साम्य होतं आणि जहाज नव्हतं. इथं जहाज आलं, तर साम्य गायब!

अपवाद आहेतच. कार्ल्याच्या चैत्यात यवनांनी दिलेले कितीतरी खांब आहेत, आणि एका माथ्यावरच्या स्फिंक्ससारख्या आकृतीकडं दामोदर कोसंबींनी लक्ष वेधलं होतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, तिचा ग्रीकपणा शाळकरी पोरही ओळखेल. पण ती गाठोड्यातून आलेली वस्तू. चित आणि इरिल इथं राहिलेले.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलो. बौद्ध विहारात गिरिजात्मज बसलेला आहे आणि कुणाला त्यात विचित्र वाटत नाही. भावानं सभामंडपात बसून अथर्वशीर्ष म्हटलं. मी भिंतीला टेकून खालची कुकडी पाहत राहिले.

शेवटचा मुक्काम नाणेघाट. गुहेच्या भिंतीवर नागनिका राणीचा लांबलचक लेख, यज्ञ आणि दक्षिणांची यादी, गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे. आकड्यांच्या चिन्हांसाठी हा लेख जगभर ओळखला जातो. समोर सातवाहन राजघराण्याच्या पुतळ्यांची नुसती पावलं उरली आहेत. काल पाय तोडलेली माणसं, आज माणसं गेलेले पाय. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये खालचं कल्याण बंदर येतं. सातवाहनांच्या काळात ते खुलं होतं, पुढं अडवणूक सुरू झाली, आणि चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ लागलं, असं तो सांगतो. भडोचच्या मालाची यादीही तो देतो: इटलीची दारू, पोवळं, तांबं, काच, राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी पोरं. इथून जायचं सुती कापड, अकीक, पिंपळी. या पायऱ्यांवरूनही तसलंच ओझं चढत-उतरत असणार. मधल्या पायऱ्या इतक्या झिजल्या आहेत की पावसाचं पाणी त्यांच्यात बशीसारखं साचतं.

कठड्याशी एक म्हातारबाबा शेळ्या राखत बसले होते. काय पाहताय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "बाबा, दोन हजार वर्षांपूर्वी लांबच्या देशाचे लोक या वाटेनं वर यायचे."

"अजून येत्यात की," ते म्हणाले. "शनवार-रयवारी. पाणी मागत्यात."

भावानं विचारलं, "मग देता?"

"न देऊन कसं भागंल?" म्हणत त्यांनी शेळीला हाकललं आणि टाक्याकडं बोट दाखवलं.